न टिकणारी फळं

कोपऱ्यावर अंजिराची हातगाडी लागली, की मी पलीकडच्या बाजूने जाते. पलीकडे फुटपाथ नाही, पाइपलाइनसाठी खणून तसाच सोडलेला चर आहे, तरी त्याच्या कडेकडेने जाते. गाडीवाला ओळखीचा झालाय. तो ओरडतो, "काकू, सासवडची हायेत, घ्या की!" मी हात हलवून नको म्हणते आणि पुढे सटकते. माझ्या अंगणात अंजिराचं झाड फळांनी लगडलंय, खारी, बुलबुल, मुंगळे आणि शेजारच्या कुलकर्णीबाई असे सगळे त्यावर नांदताहेत, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक असणार? फाल्गुन आला की लोकांना पळस आठवतो, होळी आठवते. मला आपा आठवते. म्हणजे एरवी मी तिला विसरलेली असते अशातला भाग नाही, पण या महिन्यात जरा जास्तच छळते.

आम्ही दोघी बहिणी. आपा थोरली, मी धाकटी. आमच्या अब्बांचा मंडईत फळांचा गाळा होता. अब्बा अंथरुणाला खिळले तेव्हा आपा विशीतली पोर होती. ती जी गाळ्यावर जाऊन बसली, ती केस पांढरे झाल्यावरच उठली. पहाटे स्वारगेटवरून मार्केट यार्डात जायचं, लिलावात पुरुषांच्या वरताण आवाज काढून माल घ्यायचा, टेम्पोत पाट्यांवर बसून मंडईत यायचं. मी तिच्या जिवावर शिकले आणि महापालिकेच्या शाळेत मराठीची बाई झाले. लग्नं दोघींचीही राहिली. का राहिली, हा वेगळा लेख होईल आणि तो मी लिहिणार नाही.

घरात आमची बोली दखनी. पण आपाचा जन्म मंडईत गेलेला, त्यामुळे भांडण आणि व्यवहार तिला मराठीतच जमत. आम्ही दोघी बहुतेक वेळ भांडतच असू, म्हणून तिचं इथलं सगळं बोलणं मराठीत आहे, हे वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

फळवाल्याच्या घरी फळांना काय तोटा, असं लोकांना वाटतं. तोटा नव्हताच. पण आमच्या घरी अख्खं फळ म्हणून कधी आलं नाही. संध्याकाळी आपा कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत परतायची, तेव्हा तिच्या पिशवीत दिवसभराचा डागी माल असायचा. एका अंगाने दबलेले चिकू, चिरलेलं डाळिंब, देठाशी काळा पडलेला आंबा. आपा सुरी घेऊन बसायची, डाग कोरून काढायची आणि उरलेलं ताटलीत घालून आम्हांला द्यायची. मला लहानपणी वाटायचं, आंब्याला एक बाजू नसतेच. एकदा सणाच्या दिवशी मी पाटीतला चांगला आंबा उचलला, तर आपाने हातावर चापट मारून तो काढून घेतला. "चांगला माल गिऱ्हाईकाचा. डागी माल आपला." अब्बांचा कायदा होता तो, आणि अब्बा गेल्यावर तिने तो आणखी कडक केला.

वाईट वाटून सांगत नाहीये मी हे. डागी फळ गोड असतं. पिकून उतू गेलेलं असतं म्हणूनच डागी होतं. पण मोठेपणी कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेले आणि समोर अख्खा चिकू आला, की मला तो कुठून सुरू करायचा ते कळत नसे. मी उगाच त्याला फिरवत बसे.

आमचं आडनाव बागवान. कसब्यातल्या घरात आमची बाग म्हणजे तेलाच्या डब्यात लावलेला पुदिना. आपाने आयुष्यभर हजारो माणसांना फळं विकली, पण झाड पाहिलं नव्हतं. आंब्याचं, पेरूचं पाहिलं असेल कुठे येता-जाता, अंजिराचं नाही. फळ ही गोष्ट पाटीत उगवते असाच एकंदर हिशोब. त्यामुळे गाळा देऊन टाकून आम्ही हडपसरच्या पुढे मांजरी गावात ही रो-हाउसची जागा घेतली, तेव्हा घर पाहायला म्हणून आलेली आपा घरात शिरलीच नाही. मागच्या अंगणात गेली. कुणाच्या तरी उसाच्या शेतावर उभी राहिलेली ही घरं; मातीत अजून उसाची खोडं सापडत होती. आपाने चपला काढल्या आणि त्या काळ्या जमिनीत उभी राहिली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, इथे पेव्हर ब्लॉक टाकून देतो, एकदम क्लीन." आपा म्हणाली, "तुमच्या डोक्यावर टाका."

तो पावसाळ्याच्या तोंडावरचा काळ होता. खड्डे खणून झाले, शेणखत पडलं, आणि कोणती झाडं लावायची यावर आमची जुंपली. मला लिंबू, कढीपत्ता आणि जास्वंद पुरे होती. "जास्वंद खातेस का?" आपाने विचारलं आणि विषय संपवला.

सोलापूर रस्त्याला नर्सऱ्या ओळीने आहेत. त्यांतल्या एकीत आम्ही रिक्षा करून गेलो. नर्सरीवाला बोलघेवडा होता. आपाला पाहताच त्याने ओळखलं असावं, की या बाईला माल कळतो. "हा तैवान पिंक पेरू बघा काकू. तोडल्यावर आठ-दहा दिस कडक ऱ्हातोय. ह्यो भगवा डाळिंब. साल बघायची ह्येची, ट्रकातनं दिल्लीला जातंय तरी खरचटत नाय. शीताफळात गोल्डन घ्या. बाकीची शीताफळं हातात घेतली की फुटत्यात, ह्ये फुटत नाय." आपाचे डोळे असे चमकले, की काय सांगू! कितीतरी वर्षं ज्या मालासाठी ती लिलावात घसा फोडत होती, तो माल रोपाच्या रूपात समोर उभा होता. ती पानं चाचपत होती, देठ बघत होती, "माल टिकला पाहिजे, माल टिकला पाहिजे" असं पुटपुटत होती. अंजिरातही तिने जाड सालीची, कुठली तरी परदेशी जात बाजूला काढायला सांगितली.

मला राहवेना. मी म्हटलं, "आपा, झाडापासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत किती दिवसांचा प्रवास आहे गं?"

नर्सरीवाला हसला. आपा हसली नाही. तिने हातातलं रोप खाली ठेवलं, "उद्या येतो" म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली. मला वाटलं, चारचौघांत बोलले म्हणून फुगली. फुगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती एकदम म्हणाली, "गणेश डाळिंब आठवतं तुला? फिकट दाण्याचं?"

"आठवतं की. बी मऊ असायची."

"अब्बांच्या वेळी तेच यायचं. मग भगवा आला, लालभडक. गिऱ्हाईक रंगाला भुललं. मीही गणेश ठेवायचं सोडलं. पायरी आंब्याचं तेच. पायरी ठेवायला काळीज लागतं, मुन्नी. सकाळी आणली की संध्याकाळच्या आत खपली पाहिजे, नाहीतर रस गळायला लागतो. मी म्हटलं, नको ही कटकट." कप तसाच हातात. "चांगल्या चवीचं एकेक फळ मी माझ्या हाताने गाळ्यावरून हाकललं. आणि आता अंगणात लावायला पुन्हा तीच निघाले होते, ट्रकमधली!"

साठीला आलेल्या बाईला ती मुन्नी म्हणायची, ते एक असो. पण तिचं ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. जे टिकतं ते बाजारात येतं आणि बाजारात येतं तेवढंच आपल्याला माहीत असतं. ज्यांची साल पातळ, जी झाडावरून उतरली की दिवसभरात जीव टाकतात, ती फळं ज्याच्या दारात झाड आहे त्यालाच मिळायची. म्हणजे आम्हांला आता ती मिळणार होती. या वयात का होईना.

आम्ही परत गेलो. आपाने नर्सरीवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे कुणी मागत नाही अशी कोणती रोपं आहेत?"

तो गांगरला. "पायरी हाय की. पन तिला कोन घेतंय आता? दोन दिसांत मऊ पडती."

"तीच द्या."

मग पुढे तेच चाललं. डाळिंब गणेश. पेरू सरदार, आतून पांढरा, मऊ बियांचा. सीताफळ बाळानगर, हातात फुटतं तेच. आणि अंजीर आपलं पुण्याचं, पातळ सालीचं, पिकलं की बोट लावायची सोय नाही असं. नर्सरीवाल्याने रोपं टेम्पोत चढवताना मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ह्या काकूंना फळांतलं काय कळतं का?" मी म्हटलं, "काही नाही हो, शिकताहेत."

ते दिवस फार चांगले होते. पाऊस उघडला की आपा सलवार खोचून चिखलात उतरायची. कलमी झाडाच्या जोडाखालून रानटी फूट आली की खुडायची, मला हाका मारून दाखवायची. आयुष्यभर तराजूच्या काट्यावर चाललेली तिची बोटं मातीत घालून ती तासन्‌तास बसायची. पायरी कधी धरेल, अंजीर कधी धरेल, कोणतं फळ सकाळी तोडायचं, कोणतं उन्हं कलल्यावर, यावर आमची भांडणं व्हायची. झाडाला अजून चार पानं नव्हती आणि आम्ही फळांच्या वाटण्या करत होतो.

गणपतीच्या सुमारास तिच्या पायांवर सूज दिसली. मला वाटलं, चिखलात बसून बसून. तपासण्या झाल्या आणि मूत्रपिंडं गेली आहेत असं कळलं. दिवाळीच्या आत डायलिसिस सुरू झालं, हडपसरच्या एका दवाखान्यात, दर सोमवारी आणि गुरुवारी. तिथे आहार सांगणारी एक गोड मुलगी होती, तिने आपाला समोर बसवून समजावलं. "मावशी, तुमचं पोटॅशियम हाय आहे ना, सो फ्रूट्स ऑलमोस्ट बंद. आंबा नाही, चिकू नाही, डाळिंब नाही, सीताफळ तर अजिबात नाही. अंजीर पण अव्हॉइडच करा."

आपा ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बाळा, माझं अंगण बघून आलीस का तू?"

त्या पोरीला काय कळणार? तिने हसून सफरचंदाची एक फोड चालेल म्हणून सांगितलं. सफरचंद! आपा सफरचंदाला फळच मानत नसे. ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं सामान, असं तिचं म्हणणं. रिक्षात बसल्यावर मी रडले. आपा बाहेर बघत होती. "रडतेस काय? झाडं तुझीपण आहेत," म्हणाली.

मला नव्हती ती झाडं एकटीला हवी. मी मनाशी एकच धरलं. आपाने आपल्या झाडाचं एक अख्खं, चांगलं, डाग नसलेलं फळ खायचं. फक्त एक. माणसाने जन्मभर फळांत बसावं आणि एकही धड फळ न खाता जावं, हे मला सहनच होईना. मी त्या मुलीच्या मागे लागले. पुन्हा पुन्हा विचारलं, शाळेत मुख्याध्यापकांच्या मागे लागायचे तशी लागले. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारून सांगते हं, काकू." आणि पुढच्या खेपेला सांगितलं, की मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात एखादं छोटं फळ चालेल, कारण मशीन ते काढून टाकतं. पण फक्त तेव्हाच. घरी नाही.

आता गंमत बघा. जे फळ दाराबाहेर नेता येत नाही, ते आम्ही मुद्दाम शोधून, भांडून लावलेलं. आणि ते खायची परवानगी फक्त दवाखान्यात. देवाला पुणेरी म्हणावं की काय, अशी ही थट्टा.

लावणीनंतरच्या दुसऱ्या फाल्गुनात अंजीर धरलं. बाकीची झाडं अजून वाढतच होती. हिरवी बोंडं हळूहळू फुगली, मान टाकायला लागली. मी रोज पहाटे उठून जाऊन बघे. पण फळाला काय माहीत आपला सोमवार आणि गुरुवार? पहिलं पिकलं ते शुक्रवारी. झाडावर ठेवलं तर रविवारी बुलबुलाने पोखरलं. दुसरं शनिवारी उतरवून मी वाटीत, पानावर, गार जागी ठेवलं. सोमवारी सकाळी त्याला आंबूस वास आला. एकदा बरोबर सोमवारी पिकलं. डब्यात कापूस घालून नेलं, तर रिक्षाने हडपसरच्या पुलाखाली असा गचका खाल्ला, की डबा उघडला तेव्हा आत नुसता लगदा. मी तो डबा आपाला दाखवलाही नाही. पिशवीतच ठेवला आणि घरी येऊन झाडाखाली पालथा केला.

आपाला हे सगळं कळत होतं. ती अंगणात खुर्चीवर बसून माझी धावपळ बघायची. तिची कातडी काळवंडली होती, हातावर नळ्या लावून लावून शिरांची गाठोडी झाली होती. "मुन्नी, तू खा ना एक," म्हणायची. मी म्हणायचे, "तू खाल्ल्याशिवाय नाही." "मग बुलबुलं खातील." "खाऊ देत." अशी आमची ती वसंत ऋतूतली भांडणं. खरं सांगते, तोवर झाडाने किती फळं दिली आणि आम्ही दोघींनी एकही तोंडात घातलं नाही. कुणी ऐकलं तर वेड्यात काढेल.

मग एका गुरुवारी जमलं. फळ मोठं नव्हतं. पण पूर्ण भरलेलं, जांभळट, देठाशी मधाचा थेंब आलेला. बाकीचे सगळे उपाय करून झाले होते. मी ते डब्यात घातलंच नाही. अंजिराच्या पानावर ठेवलं, पान तळहातावर ठेवलं, आणि सगळी वाट हात मांडीपासून वर धरून बसले. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, आज खड्डे चुकवा." तो म्हणाला, "मग रस्ताच चुकवावा लागेल, मावशी." पण तो हळू चालवत गेला. आपा माझ्या शेजारी बसून माझ्या हाताकडे पाहत होती. दंड भरून आला, बोटांना मुंग्या आल्या, पण मी मूठ मिटली नाही.

मशीन लागलं. रक्त नळीतून फिरायला लागलं. सिस्टरने मान हलवून खुणावलं, की आता चालेल. मी ते अंजीर आपाच्या मोकळ्या हातात ठेवलं. त्याला एक ओरखडा नव्हता.

आपाने ते वर धरलं, उजेडात फिरवून पाहिलं. गाळ्यावर पाहायची तसंच. वजन घेतलं. देठ पाहिला. वास घेतला. आणि म्हणाली, "पहिल्या नंबरचा माल आहे." मी म्हटलं, "खा." तिने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या खाटेवर कोणी जागं आहे का ते पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं. मला कळलं ती काय करतेय. ती गिऱ्हाईक शोधत होती. चांगलं फळ हातात आलं की ते ज्याला द्यायचं त्याला शोधायचं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक होतं.

मी चिडले. भर वॉर्डात ओरडले. "आपा, कुणाला देऊ नकोस! हे तुझं आहे. तुझं! खा!"

सगळे वळून बघायला लागले. आपा जरा घाबरल्यासारखी झाली. मग तिने ते फळ मांडीवर चादरीवर ठेवलं आणि अंगठ्याने एका बाजूने दाबलं. साल फाटली, आतला लाल गर थोडा बाहेर आला. डाग पडला.

"आता झालं आपलं," ती म्हणाली, आणि खाल्लं. सावकाश, डोळे मिटून, देठापर्यंत. बोटं चाटली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

त्यानंतरच्या आषाढात ती गेली. सरदार पेरूची एक फांदी फाटकावर आडवी आलेली, छाटू म्हटलं तर आपा छाटू देत नसे. जनाजा निघाला तेव्हा खांदा देणाऱ्यांना त्या फांदीखालून वाकून जावं लागलं. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी फाटकाशी उभी राहिले आणि माणसं वळणापर्यंत गेली. मग आत आले. अंगणात चिखल होता, आणि कलमाच्या जोडाखाली नवी फूट आली होती. ती मी खुडून टाकली.

आज सकाळी पुन्हा अंजिरं पिकली आहेत. कुलकर्णीबाईंना वाटीभर दिली, कोपऱ्यावरच्या वॉचमनला दिली, तरी संपत नाहीत. पायरीलाही यंदा पहिल्यांदा मोहोर आला आहे. लोक विचारतात, एवढी छान फळं, तुम्ही खात नाही का? मी खाते, असं सांगते. मघाशी एक खरंच तोंडाशी नेलं होतं. मोठं, गार, एक ओरखडा नसलेलं. कितीतरी वेळ धरून उभी राहिले, आणि मग ते तसंच पुन्हा ताटलीत ठेवून आत आले. इतकं चांगलं मला एकटीला खाववत नाही गं, आपा.